‘घरी मदत करतो’ याच्या पुढे काय लिहायचं?

‘तुला काय काय येतं?’ असं कोकणातल्या नववी-दहावीच्या मुलाला विचारलं, की ठरलेलं उत्तर येतं: ‘काही नाही, घरी मदत करतो.’ त्या मदतीत तरवा, म्हणजे लावणीची भातरोपं, काढणं असतं, आंब्याची प्रतवारी असते, ओहोटी बघून कालवं काढायला जाणं असतं, गणपतीत पंचवीस माणसांचं जेवण असतं. ही सगळी कामं कौशल्याची आहेत, पण ‘मदत’ म्हटलं की ती दिसेनाशी होतात. ती परत दिसावीत आणि पुढे काय शिकायचं ते त्यांवरून ठरवता यावं, म्हणून एक वही करायची.

साधी शंभर पानी वही पुरते. पानावर चार रकाने आखा: काय केलं, किती केलं, काय ठरवावं लागलं, काय चुकलं. सलग 14 दिवस, रात्री दहा मिनिटं, दिवसाला फार तर दोन कामं. हे काम लावणी, गणपती किंवा मार्च ते मे या आंब्याच्या दिवसांत करा. परीक्षेच्या तोंडावर वही रिकामीच राहते. लिहायचं मुलानेच. आईवडील किंवा शिक्षक लिहू लागले, की ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’ असे शब्द शिरतात आणि त्यांतून पुढे काहीच निघत नाही.

‘बागेत मदत केली’ ही नोंद कुचकामी. तीच अशी लिहा: ‘तीन क्रेट हापूस वजनाने वेगळे केले. 250 ग्रॅमवरचे एकीकडे. 11 फळं डागी निघाली. 4 फळांचा देठ मोडला होता, चीक ओघळून साल काळी पडली.’ आता विचारा: हा निर्णय घ्यायचे पैसे कुणाला मिळतात? प्रतवारी करणाऱ्याला, पॅकहाऊसमधल्या गुणवत्ता तपासनीसाला, निर्यातदाराच्या माणसाला. रत्नागिरीत पणन मंडळाचं आंबा निर्यात केंद्र आहे, तिथे असंच काम चालतं. मुलाला पुढची पायरीही देता येते. वीस फळं साध्या पाण्याच्या बादलीत सोडायची. तयार फळ बुडतं, कोवळं तरंगतं. डोळ्याने केलेली निवड आणि पाण्याने केलेली निवड किती फळांत जुळली, ते लिहायचं. प्रयोगशाळेतला माणूसही रोज एका चाचणीला दुसरी लावून बघतो.

लावणीत तर गणित उघडंच असतं. भातलावणीच्या चारसूत्री पद्धतीत चुडांमधलं (एकत्र लावलेल्या रोपांच्या जुड्यांमधलं) अंतर आलटून-पालटून 15 आणि 25 सेंटिमीटर असतं, आणि 15 सेंटिमीटरवरच्या दर चार चुडांच्या मधोमध खताची 2.7 ग्रॅमची एक गोळी खोचतात. म्हणजे 40 बाय 40 सेंटिमीटरला एक गोळी: हेक्टरी 62,500 गोळ्या, गुंठ्याला 632 च्या आसपास, वजनाने 1.7 किलो. आपल्या कुणग्याचा (भाताच्या खाचराचा) हिशोब मुलाने आधी कागदावर करावा, मग प्रत्यक्ष किती गोळ्या लागल्या ते मोजावं. फरक हमखास येतो, कारण दोरी ढिली पडते आणि बांधाकडे ओळी वाकतात. फरकाचं कारण शोधायची गोडी असलेल्या मुलाने कृषी पदविका, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची पदवी, आयटीआयचा सर्व्हेअर ट्रेड, तिन्हींची चौकशी करावी. नुसतं ‘शेती आवडते’ यावर ठरवू नये.

किनाऱ्यावरच्या मुलांना भरतीच्या वेळेचा आडाखा माहीत असतो: तिथीची पाऊणपट. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला भरती, अष्टमीला सहाला. हा ढोबळ आडाखा आहे, म्हणूनच तो कामाचा. पंधरा दिवस आडाख्याची वेळ आणि खडक खरोखर बुडाल्याची वेळ शेजारी शेजारी लिहा, मिनिटांत फरक काढा. जयगडसारख्या बंदरात मोठं जहाज आत घेणारा पायलट हाच विचार फार बारकाईने करतो. त्या वाटेला बारावीला भौतिक, रसायन, गणित लागतं आणि आयएमयू-सीईटी ही सागरी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. दहावीनंतर जहाजावरच्या खलाशाच्या कामासाठी सहा महिन्यांचा जीपी रेटिंग कोर्सही आहे. यात एक चूक फार महागात पडते: डोळे उशिरा तपासणं. रंग ओळखण्याची तपासणी नववीतच करून घ्या. त्यात दोष निघाला, तर डेकवरच्या नोकरीची वाट बंद होते. ज्याला पाण्यापेक्षा मासळीत रस आहे, त्याच्यासाठी रत्नागिरीजवळच्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे: बारावी विज्ञाननंतर चार वर्षांची पदवी.

मुलींच्या वहीत स्वयंपाक आला, की मोठी माणसं लगेच ‘हॉटेल मॅनेजमेंट’ म्हणतात. थांबा, तिसरा रकाना वाचा. माणसं वाढली तेव्हा तिने उकड किती वाढवली, हे लिहिलंय की बाजाराची यादी आणि खर्च? की चुलत बहिणींना कामं वाटून दिली? पहिलं खाद्यप्रक्रियेकडे जातं, दुसरं हिशोब-खरेदीकडे, तिसरं माणसं सांभाळण्याच्या कुठल्याही कामाकडे. मुलग्यांनाही हेच लागू. मोबाइलवरच्या रील्सही लिहू द्या, पण बनवलेल्या, बघितलेल्या नव्हेत.

नावडत्या कामासमोर फुली मारायची. ती खोडायला लावू नका. चौदा दिवसांत पाच फुल्या पडलेलं काम आयुष्यभराचं करू नये. आणि वहीसाठी म्हणून कुणाला होडीवर किंवा झाडावर चढवू नका. 14 वर्षांखालच्या मुलाला घरच्या उद्योगात शाळेची वेळ सांभाळून हात लावता येतो, तोही धोक्याच्या कामाला नाही.

पंधराव्या दिवशी दोन कामं निवडा आणि त्या कामावर पोट असलेल्या तालुक्यातल्याच माणसाला भेटा. अर्धा तास पुरे. दिवस कसा जातो, शिकायला किती वर्षं लागली, पहिला पगार किती होता, कोणत्या महिन्यात काम नसतं, शरीराला काय त्रास होतो, एवढं विचारा. मासेमारीवाल्याला चौथा प्रश्न विचाराच, कारण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. जहाजावर नोकरी लावतो म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटाला मात्र उंबऱ्यापाशीच थांबवा. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं बेकायदा आहे. परवानाधारक कंपन्यांची यादी नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर असते.

शेवटी प्रवेशाच्या किंवा नोकरीच्या मुलाखतीसाठी वहीतून तीन वाक्यं काढा. काम, आकडा, चूक कशी सुधारली, या क्रमाने: ‘20 आंब्यांची निवड आधी डोळ्याने आणि मग पाण्याने केली, 6 चुकली, म्हणून देठाजवळचे खांदे भरलेत का ते बघू लागलो, पुढच्या वेळी 2 चुकली.’ वहीत नसलेला आकडा वाक्यात घालू नका. समोरचा पहिला प्रश्न त्याच आकड्यावर विचारतो.