कोईच्या हौदासाठी पंप आणि फिल्टर कसा निवडावा: आधी पाणी मोजा, मोटर शेवटी घ्या

बागेत कोई माशांचा हौद बांधायला काढला की पहिला प्रश्न ठरलेला: "अर्धा एचपीची मोटर चालेल ना?" गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर घरोघरी असते, प्लंबरच्याही हाताखालची तीच, म्हणून सगळा विचार तिथूनच सुरू होतो. माझं सांगणं उलट्या क्रमाचं आहे. आधी हौदातलं पाणी मोजा, मग माशांना लागेल तो फिल्टर ठरवा, आणि त्या फिल्टरला पुरेल एवढाच पंप सगळ्यात शेवटी घ्या.

पायरी 1: पाणी लिटरमध्ये काढा

लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली फुटांत मोजा, तिघांचा गुणाकार करा आणि त्याला 28.3 ने गुणा. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 4 फूट खोल हौदात 240 घनफूट, म्हणजे सुमारे 6,800 लिटर पाणी बसतं. खाली हाच हौद धरून बोलू. हौद वेडावाकडा असेल तर भरताना पाण्याच्या मीटरचं रीडिंग आधी आणि नंतर लिहून ठेवा. त्यापेक्षा खात्रीचा आकडा नाही.

खोली 4 फुटांपेक्षा कमी ठेवू नका. कोई दोन फुटांपर्यंत वाढतात, आणि उथळ पाणी आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये फार लवकर तापतं. हे मासे जपानच्या निइगाता भागातल्या डोंगराळ, बर्फाळ गावांतून आलेले. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच. म्हणजे मासा जास्त हालचाल करतो, जास्त खातो, नेमका तेव्हाच पाण्यात प्राणवायू कमी असतो.

पायरी 2: फिल्टरला काय काम आहे ते समजून घ्या

कोईला जठर नसतं. खाल्लेलं सरळ आतड्यात जातं, त्यामुळे तो दिवसभर चरतो आणि दिवसभर घाण करतो. डोळ्यांना दिसते ती विष्ठा आणि गाळ. त्याहून घातक असतो तो कल्ल्यांवाटे पाण्यात मिसळणारा अमोनिया, आणि तो दिसत नाही. 100 ग्रॅम चांगल्या प्रथिनयुक्त खाद्यामागे साधारण 3 ते 4 ग्रॅम अमोनिया पाण्यात येतो. आपल्या हौदात रोज 50 ग्रॅम खाद्य पडलं आणि फिल्टर नसेल, तर चार दिवसांत लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत मजल जाते. पाणी गरम आणि पीएच 8 च्या वर असेल तर त्यातला विषारी भाग वाढतो. बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी असंच असतं.

हा अमोनिया खाणारे जिवाणू असतात. एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही माशाला घातक आहे. नायट्रेट त्या मानानं सौम्य, ते थोडं थोडं पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून वाढतात. म्हणून फिल्टर म्हणजे त्यांना राहायला दिलेली जागा आणि पंप म्हणजे त्यांच्यापर्यंत अन्न आणि प्राणवायू पोचवणारा वाहक.

हे मला एका कोहाकू जातीच्या कोईनं शिकवलं. पहिल्या उन्हाळ्यात फिल्टरमधली मॅट, म्हणजे जिवाणू राहतात ती जाळीदार गादी, काळी पडली म्हणून मी ती नळाखाली धरून स्वच्छ धुतली. नगरपालिकेच्या पाण्यातल्या क्लोरीननं महिनाभर जमलेले जिवाणू एका दुपारीत मेले. चौथ्या दिवशी पहाटे सहाला गेलो तर तो पांढरा-लाल मासा पाण्याच्या काठाशी आ वासून उभा होता, कल्ले भराभर हलत होते, पंखांच्या मुळाशी लाल शिरा उमटल्या होत्या. संध्याकाळपर्यंत तो गेला. तेव्हापासून मॅट धुवायची ती घमेल्यात हौदाचंच पाणी काढून, आणि एका वेळी अर्धीच.

पायरी 3: फिल्टरचे भाग आणि मापं

दोन कामं वेगळी ठेवा. आधी गाळ अडवायचा, मग जिवाणूंकडे पाणी पाठवायचं. क्रम उलटा झाला की जिवाणूंच्या जागेवर विष्ठेचा थर बसतो.

हौद अजून बांधायचा असेल तर तळाला मधोमध 4 इंची निचरा ठेवा आणि तो फिल्टरच्या पहिल्या ड्रमपर्यंत आणा. ड्रम हौदाच्या पाण्याच्याच पातळीला, जमिनीत उतरवून बसवा. पाणी आपोआप येतं, विष्ठा तुकडे न होता ड्रममध्ये बसते आणि पंप शेवटच्या ड्रममधून स्वच्छ पाणीच उचलतो. जुन्या हौदाला निचरा नसेल तर पंप तळाशी ठेवून पाणी वर फिल्टरमध्ये ढकलावं लागतं. तेही चालतं, पण पंपाचं पातं गाळाचं बारीक पीठ करतं आणि ते अडवणं कठीण जातं. अशा वेळी बारीक घाण सहज पार करणारा, तळ्यासाठीच बनवलेला पंप घ्या.

मी फिल्टरचं आकारमान हौदाच्या दहाव्या हिश्शाइतकं धरतो. 6,800 लिटरला 600 ते 700 लिटर, म्हणजे 200 लिटरचे तीन निळे ड्रम. ते खाद्यपदार्थांचेच घ्या. रसायनांचा ड्रम कितीही धुतला तरी नको. पहिल्यात काहीच न भरता गाळ खाली बसू द्या, हवे तर उभे ब्रश टांगा. दुसऱ्यात जपानी मॅट. तिसऱ्यात के-वन नावाची छोटी प्लास्टिकची चाकं, ड्रमच्या अर्ध्या उंचीपर्यंत, आणि खालून एअर पंपाची हवा, म्हणजे ती सतत उकळल्यासारखी फिरत राहतात. प्रत्येक ड्रमच्या तळाला गाळ सोडायचा व्हॉल्व्ह हवाच. ते काळं पाणी झाडांना सोनं आहे.

खडी भरलेला फिल्टर घेऊ नका. बागकामवाले तो आग्रहानं बसवून देतात, सहा महिने छान चालतो, मग खडीच्या पोटात गाळ कुजतो आणि ती उपसणं एका माणसाचं काम राहत नाही.

पाणी हिरवं होत असेल तर यूव्ही दिवा लावा. तो तरंगतं शेवाळ मारतो; अमोनियावर त्याचा काही परिणाम नाही, त्यामुळे तो फिल्टरची जागा घेत नाही. दिवा निळा दिसत राहिला तरी त्याची ताकद वर्षभरात उतरते, तेव्हा दर वर्षी बदला. पेटलेल्या दिव्याकडे थेट बघू नका.

पायरी 4: हेड काढा

सगळं पाणी दीड तासात एकदा फिल्टरमधून जावं, असा माझा हिशेब. म्हणजे आपल्याला तासाला साधारण 4,500 ते 5,000 लिटर हवे. पण खोक्यावर लिहिलेला मोठा आकडा शून्य उंचीवरचा असतो, आणि दुसरा आकडा, एच-मॅक्स, म्हणजे ज्या उंचीवर पाणी येणंच थांबतं ती उंची. पंप या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी काम करतो.

हेड म्हणजे पंपाला पाणी किती उंच ढकलावं लागतं तो आकडा, पाइपातलं घर्षण धरून. हौदाच्या पाण्यापासून जिथे पाणी पडणार तिथपर्यंतची उभी उंची मोजा. छोट्या धबधब्यासाठी समजा 1.2 मीटर. त्यात पाइपातलं घर्षण मिळवा. तासाला 5,000 लिटर पाणी एक इंची पाइपातून नेलं तर दर 10 मीटरला 2 ते 3 मीटर हेड नुसतं घर्षणात जातं. दोन इंची पाइपात तेच 10-15 सेंटिमीटर. पाइपावर वाचवलेले पैसे वीजबिलात कित्येक पटींनी जातात, हे दुकानात उभे असताना आठवा. एल्बोही कमीत कमी ठेवा.

दोन इंची पाइप, दोन-तीन एल्बो आणि यूव्ही धरून एकूण 1.5 ते 2 मीटर हेड निघेल. मग विक्रेत्याकडे पंपाचा आलेख मागा आणि 2 मीटरच्या रेषेवर किती लिटर येतात ते वाचा. आलेख नसेल तर ज्याचा एच-मॅक्स आपल्या हेडच्या दुप्पट आहे असा पंप बघा.

पायरी 5: वॅट बघून पंप घ्या

हा पंप 24 तास, वर्षभर चालणार आहे. रात्री बंद करायचा विचार मनातून काढा. काही तास पाणी थांबलं तरी फिल्टरमधले जिवाणू गुदमरतात. 100 वॅटचा पंप महिन्याला 72 युनिट खातो. अर्धा एचपीची घरगुती मोनोब्लॉक मोटर 550-600 वॅट ओढते, म्हणजे महिन्याला 400 युनिटांच्या आसपास, आणि महावितरणच्या बिलात वरच्या टप्प्यांचा दर चढत जातो. शिवाय ती टाकी भरून बंद व्हायला बनलेली असते, अखंड चालायला नाही. अर्धा एचपी हे त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर नव्हे, ते असं.

खर्चात जमत असेल तर एक मोठा पंप घेण्यापेक्षा दोन लहान घ्या. एक बिघडला तरी मासे वाचतात.

वायरिंगसाठी जाणकार इलेक्ट्रिशियनच बोलवा. 30 मिलिअँपियरचा ईएलसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) आणि चोख अर्थिंग याशिवाय पंप चालू करू नका, आणि पाण्यात हात घालण्याआधी स्विच बंद. घरात लहान मुलं असतात, हात पाण्यात जातोच.

लाइट जाणाऱ्या भागात एअर पंप इन्व्हर्टरवर घ्या. तो 30-40 वॅटच खातो. वीज बरेच तास गेली असेल तर पंप सुरू करण्याआधी ड्रममधलं साचलेलं पाणी व्हॉल्व्हनं बाहेर सोडून द्या. त्याला सडका वास येतो, आणि तसंच हौदात गेलं तर माशांच्या अंगावर येतं.

पायरी 6: बादली धरा, मग मासे आणा

सगळं जोडून झालं की पाणी परत पडतं तिथे 20 लिटरची बादली धरा आणि घड्याळ लावा. 15 सेकंदांत भरली तर तासाला 4,800 लिटर. हा आकडा आणि तारीख भिंतीवर खडूनं लिहा. दर महिन्याला हेच करा. 15 चे 20 सेकंद झाले की पंपाची जाळी किंवा मॅट तुंबली आहे.

हौद नळाच्या पाण्यानं भरला असेल तर क्लोरीन मारायला हायपो (सोडियम थायोसल्फेट) टाका आणि दोन दिवस पाणी फिरू द्या. मग तीन-चार छोटे मासेच सोडा. फिल्टर पिकायला, म्हणजे त्यात पुरेसे जिवाणू वाढायला, चार ते सहा आठवडे लागतात. तोवर खाद्य चिमूटभर, आणि दर दोन-तीन दिवसांनी टेस्ट किटनं अमोनिया आणि नायट्राइट तपासा. एखादा आकडा चढला तर खाद्य बंद आणि पाव हिस्सा पाणी बदला. दोन्ही शून्यावर येऊन आठवडाभर तिथेच राहिले की पुढचे मासे आणायला हरकत नाही.