आजीच्या सागवानी ड्रेसिंग टेबलला जवसाच्या फुलाचा रंग कसा दिला

आमच्या घरी आजीचं जुनं ड्रेसिंग टेबल आहे, अस्सल सागवानाचं, खाली तीन मोठे ड्रॉवर, वर दोन लहान, आणि त्याच्यावर आरसा. यवतमाळ जिल्ह्यात जुन्या घरांत असं सामान अजून बरंच सापडतं, कोठ्यात पडलेलं, वरून कोणीतरी चॉकलेटी ऑइल पेंट फासलेला. आमच्याही टेबलला कोण्या लग्नाच्या वेळेस तसाच रंग मारला होता आणि तो जागोजागी पोपडे धरून निघत होता. मले त्याला जवसाच्या फुलासारखा निळा रंग द्यायचा होता, तयार डब्यातला नाही, आपल्या वावरातल्या फुलाशी जुळवलेला. दोन हिवाळे गेले त्यात, कारण पहिल्या वेळेस सगळा रंग नखानं निघाला. काय चुकलं आणि मग कसं जमलं ते सांगते.

आधी एक गोष्ट. तुमचं टेबल जर कधीच रंगवलेलं नसेल, जुनं पॉलिश असेल आणि सागवानाच्या रेषा चांगल्या दिसत असतील तर क्रुपा करून रंगवू नका, नुसतं पॉलिश करा. चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान काय चीज आहे ते साऱ्यांना माहीत आहे, २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहूनच लाकूड गेलं. रंग त्यालाच द्या ज्याला आधीच कोणी रंग मारून ठेवलाय, किंवा जिथं प्लाय-बियचे ठिगळं बसवलेत. मी पण वरची फळी मोकळीच ठेवली, तिला तेल दिलं, बाकी अंगाला रंग.

टाइम कोणता निवडता यावर अर्धं काम आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, रंग ब्रशमधून निघून लाकडावर पसरायच्या आतच ओढल्या जातो आणि ब्रशच्या रेघा तशाच राहतात, वरून लूमधली धूळ. पावसाळ्यात उलटं, एनॅमल, म्हणजे चमकदार ऑइल पेंट, आठ-आठ दिवस चिकट राहतो आणि चमक मरते. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ बेस्ट. फक्त तेव्हा दोन गोष्टी सांभाळा, एक म्हणजे दव, दुपारी तीननंतर रंगाचा नवा हात (थर) लावू नका, आणि दुसरी म्हणजे कापूस. वेचणीचे दिवस असतात, घरात कापूस भरलेला असतो, त्याचे तंतू उडून ओल्या रंगावर बसतात आणि मग चिमट्यानं काढत बसा. ज्या घरात कापूस भरलाय तिथं रंगवूच नका, गोठ्याच्या बाजूची रिकामी खोली बरी.

खोलायचं कसं ते थोडक्यात. आरसा दोघांनी मिळून काढायचा, मागच्या फळीचे खिळे सांडशीनं हळू उपटायचे, आरसा गोधडीत गुंडाळून भिंतीला उभा ठेवायचा, आडवा नाही. आरशावर काळे डाग असले तरी राहू द्या, आणि कडेला थिनर लागू देऊ नका, मागचा लेप निघतो. ड्रॉवर काढले की प्रत्येकाच्या खाली पेन्सिलनं नंबर टाका, जुन्या सुतारानं प्रत्येक ड्रॉवर त्याच्याच खणासाठी घासलेला असतो, एकाचा दुसऱ्यात बसत नाही. पितळी कड्या चिंच-मीठ लावून घासल्या की निघतात, धुतल्यावर लगेच कोरड्या करा. सांधे हलत असतील तर जुना सरस, म्हणजे सुताराचा गोंद, सुटला असं समजा, तो गरम पाण्याच्या फडक्यानं मऊ होतो, खरवडून काढा आणि फेविकॉल लावून दोरीनं आवळून एक रात्र ठेवा. खाली बारीक पिठासारखा भुसा पडत असेल तर लाकडात किडा जिवंत आहे, आधी त्याचं औषध सिरिंजनं छिद्रात सोडा, काही दिवस थांबा, मग पुढचं.

आता जुना थर कशाचा आहे ते पाहा. आतल्या कोपऱ्यात कापसाच्या बोळ्यानं स्पिरिट लावायचं, दोन मिनिटांत चिकट झालं तर चपड्याचं पॉलिश आहे, म्हणजे पळसावरच्या लाखेचं. स्पिरिटनं काही झालं नाही पण थिनरनं मऊ पडलं तर लॅकर. दोन्हीनं विशेष काहीच नाही झालं तर ऑइल पेंट किंवा वार्निश. आणि ऑइल पेंट जुना असेल तर इथं जरा सिरियस व्हा, कारण आपल्या देशात घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाखात ९० भागांच्या) वर नको हा नियम २०१६ चा, लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून, त्याच्या आधीच्या डब्यात शिसं भरपूर असू शकतं. असा रंग कोरडा घासायचा नाही, हीट गनच्या (गरम हवा फेकणाऱ्या यंत्राच्या) हवेनं जाळायचा नाही, लेकरं आणि गरोदर बाई आजूबाजूला नको. मी रंग सोडवणारा रिमूव्हर लावला, हातमोजे-मास्क घालून, उघड्यावर, फुगलेला थर पत्तीनं ओढून पेपरात जमा केला, उरलेलं ओल्या पॉलिश पेपरनं घासलं, आणि तो सगळा कचरा बांधून ठेवला, उकिरड्यावर किंवा चुलीत टाकला नाही. कॉस्टिक सोडा लावा म्हणून पेंटर सांगतात, पण त्यानं सागवान काळं पडतं.

आता ते, जिथं माझं पहिल्या वर्षी फसलं. ड्रेसिंग टेबल म्हणजे काय, तर पन्नास वर्षं खोबरेल तेल, काजळ, पावडर, कुंकू. आजी रोज सकाळी वेणी घालायची तिथंच, तेलाचा हात त्याच फळीला, त्याच कडीला. लाकूड ते सगळं पिऊन बसलंय, आणि सागवानात स्वतःचंही तेल असतं, त्यामुळेच तर उधई, म्हणजे वाळवी, त्याच्या वाटेला फारशी जात नाही. पण रंगाचंही तसंच होतं, तो पकडत नाही. मी पहिल्या वेळेस नुसतं घासून प्राइमर (रंगाखालचा पहिला थर) मारला होता, वर छान दिसलं, आणि दोन महिन्यांत ड्रॉवरच्या तोंडाशी सालपट सुटलं. आमचे सुतारकाका आले, बोट लावलं आणि म्हणाले, "बाई, तेल काढलं नाही तू. लाकडाले न्हाऊ घालाव लागते आधी."

तं न्हाऊ घाला. कोमट पाणी आणि भांड्याचा साबण, पिळलेल्या फडक्यानं, लाकूड भिजवायचं नाही. टिकल्यांचा गोंद रॉकेलनं निघतो. एक दिवस वाळू द्या. मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, रेषेच्या दिशेनंच, नंतर १८०. आणि मग थिनर, पांढऱ्या सुती फडक्यावर, आणि फडकं पिवळं पडलं की फेकून नवं घ्या, तेच फिरवत राहिलात तर तेल इकडचं तिकडे होईल फक्त. मले ड्रॉवरच्या तोंडाला पाच फडकी लागली. शेवटचं फडकं पांढरं राहिलं पाहिजे, हीच टेस्ट. थिनर उडून गेला की त्याच दिवशी पुढचा थर द्या, कारण सागवानातलं तेल आतून परत वर येतं.

तो पुढचा थर म्हणजे चपडा. अर्धा लिटर स्पिरिटमध्ये १०० ग्रॅम चपडा रात्रभर विरघळवा, काचेच्या बरणीत, लोखंडी डब्यात काळा पडतो, आणि सुती कापडातून गाळून दोन पातळ हात मारा. जुना डाग आणि लाकडाचा पिवळा रंग वर झिरपू नये म्हणून हे लागतंच, हलका रंग द्यायचा असेल तर नक्कीच. वरून ऑइलचा वुड प्राइमर. भेगा-खड्डे लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, भरा, घासा, परत प्राइमर. एवढंच.

रंगाचं मात्र नीट ऐका. मी एक लिटर पांढरा सिंथेटिक एनॅमल घेतला. तसं पाहिलं तर आमच्या टेबलला अर्धा लिटर पुरला असता, साधारण २५ चौरस फूट भरतं, दोन हात म्हणजे ५०, आणि लिटरमध्ये शंभरेक फूट होतात, पण स्वतः बनवलेला रंग अर्ध्यातच संपला तर तोच परत बनत नाही. सगळा एकाच वेळी बनवायचा. स्टेनरच्या (पांढऱ्यात मिसळायच्या गडद रंगाच्या) ट्यूब तालुक्याच्या पेंटच्या दुकानात मिळतात, निळा, जांभळा, काळा घेतला.

जवसाचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळून पडतात, म्हणून जुळवणी सकाळी नऊच्या आत. वावरातून पाच-सहा फुलं आणली, पाण्यात ठेवली, आणि त्याच्याच बाजूला प्राइमर मारलेल्या पाट्या. ते फूल निव्वळ आकाशी नाही बरं, त्यात जांभळी झाक आहे, नुसता निळा टाकला की शाळेच्या भिंतीसारखं दिसतं. सिरिंजनं मोजून टाकलं, सुई काढून. मले लिटरला १८ मिली निळा, ६ जांभळा आणि १ काळा लागला, कंपनी बदलली की हे बदलेल, म्हणून आधी १०० मिलीत ट्राय करा. काळा थेंब-थेंबच, जास्त झाला की परत येत नाही. आणि ओला पाहून ठरवू नका, पाटीवर वाळू द्या, वाळल्यावर गडद होतो, मग ती पाटी ज्या खोलीत टेबल राहणार तिथं उन्हात आणि रात्री बल्बखाली पाहा.

अजून एक, ऑइलचा एनॅमल अंधाऱ्या खोलीत हळूहळू पिवळट होतो, आणि निळ्यावर पिवळं चढलं की हिरवट दिसतं. म्हणून मी जांभळा किंचित जास्तच ठेवला. ड्रॉवर आतून रंगवलेच नाहीत, तिथं फक्त चपडा.

रंग गाळून घ्या, थोडं टर्पेंटाइन टाकून पातळ करा, दोन इंची ब्रश, हात पातळ. रात्रभर वाळला की ३२० च्या पेपरनं हलकं घासून, पुसून, दुसरा हात. ड्रॉवर जिथं सरकतात त्या पट्ट्यांना रंग अजिबात नको, श्रावणात लाकूड फुगलं की जाम होतात, तिथं मेणबत्ती घासा.

वरच्या फळीला जवसाचंच तेल दिलं, पण चटणीवाल्या घाण्याचं नाही, ते आठवडे वाळत नाही, हार्डवेअरमध्ये उकळलेलं मिळतं ते. फडक्यानं लावायचं, पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसायचं, दिवसाआड तीन वेळा. आणि ती फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं, त्यात घरात कापूस. पाण्याच्या बादलीत बुडवा, किंवा बाहेर दगडावर एकेक पसरून कडक वाळू द्या.

रंग हाताला सुका लागला तरी आत कच्चाच असतो. आठ दिवस ड्रॉवर बाहेर राहू द्या, वर काही ठेवू नका, मग कड्या, मग आरसा. उरलेला रंग लहान काचेच्या बरणीत तोंडापर्यंत भरा, वर चमचाभर टर्पेंटाइन, आणि झाकणावर मिलीचं प्रमाण लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. आजीच्या बांगड्या ज्या कडेला घासतात तिथं मले तो दोनदा लागला.