लिनक्स कर्नल: लूप संपल्यावर कर्सर वापरू नका

लिस्ट_फॉर_ईच_एंट्री हा लिस्टमधल्या एकेका एंट्रीवरून जाणारा लूप, आणि कर्सर म्हणजे त्यातल्या चालू एंट्रीचा पॉइंटर. हा लूप ब्रेक न होता शेवटपर्यंत गेला, तर कर्सर नल (रिकामा) होत नाही. लिस्टच्या हेडलाच (लिस्टची सुरुवात दाखवणारा, स्वतः एंट्री नसलेला नोड) एंट्री समजून कंटेनर_ऑफने (आतल्या भागाच्या पत्त्यावरून पूर्ण स्ट्रक्चरचा पत्ता काढणारा मॅक्रो) काढलेला चुकीचा पत्ता त्यात उरतो. त्यामुळे लूपनंतरची नलची तपासणी कधीच लागू पडत नाही आणि भलतीच मेमरी वाचली किंवा लिहिली जाते.

दुरुस्ती करताना डिफ (बदललेल्या ओळी) लहान ठेवायचा असेल तर नावांची अदलाबदल करा:

१. लूपसाठी 'इटर' हा नवा पॉइंटर घ्या.
२. जुनं नाव, समजा 'डेव्ह', निकालासाठी राखा आणि लूपच्या अगदी आधी नल करा.
३. जुळणी झाली की डेव्हमध्ये इटर टाका, मग ब्रेक.
४. लूपनंतर 'डेव्हची लिस्ट म्हणजेच हेड का' अशी तुलना असेल, तर तिथे साधी नलची तपासणी लिहा.

खालचा बाकीचा कोड जुन्याच नावावर चालतो, त्याला हात लावावा लागत नाही. तपासणाऱ्यालाही बदल चटकन कळतो. अशा जागा शोधायला मेक कॉक्सीचेक या कर्नलचा कोड तपासणाऱ्या कमांडमध्ये यूज_आफ्टर_इटर ही स्क्रिप्ट आहे, ती आधी चालवाच.

सावध राहायचं ते क्रमवार लिस्टमध्ये. तिथे लूपनंतर लिस्ट_ॲड_टेल (दिलेल्या जागेच्या आधी एंट्री घालणारं फंक्शन) असतं आणि कर्सर हेडपाशी थांबणं मुद्दाम वापरलेलं असतं. निकाल नल ठेवलात तर रिकाम्या लिस्टमध्ये किंवा शेवटी एंट्री घालताना कर्नल कोसळेल. अशा वेळी लिस्ट_हेड या प्रकाराचा पॉइंटर घेऊन सुरुवातीला त्यात हेडचाच पत्ता भरा, आणि जागा सापडली की इटरच्या लिस्टचा.