‘स्पेस इन्व्हेडर्स’चा खेकडा क्रोशेच्या टोपीवर कसा विणावा

१९७८ साली आलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या व्हिडिओ गेममधला खेकडा आठवतोय? पाच रांगांत उभ्या असलेल्या ५५ शत्रूंपैकी मधल्या दोन रांगांतला. आडवे ११ ठिपके, उभे ८, संपला खेकडा. एका ठिपक्याला एक मुका खांब (सिंगल क्रोशे) धरला की नमुना तयार. टोपीवर जुने गेमच शोभतात ते यामुळेच. हल्लीच्या गेममधले चेहरे लोकरीत उतरवायला गेलं तर कोण कुठला ते कळतही नाही.

सुई उचलायच्या आधी हिशेब. खेकड्याचे ११ टाके आणि मध्ये मोकळे ३, असे सहा खेकडे म्हणजे ८४ टाके. मध्यम जाडीची लोकर आणि ५ मिमीची सुई घेऊन एक तुकडा विणा. १० सेंमीत १६ टाके बसले तर टोपीचा घेर साधारण ५२ सेंमी होतो, मोठ्या माणसाच्या डोक्यावर किंचित ताणून नीट बसतो. मोठी हवी असेल तर मोकळे टाके ४ करा (एकूण ९०), लहान हवी असेल तर २ (एकूण ७८). तिन्ही आकड्यांना सहाने भाग जातो, म्हणून टाळूची विण तीच राहते.

गेमची पार्श्वभूमी काळी आहे, पण काळ्या लोकरीत रात्री टाके दिसत नाहीत. मी गडद निळी घेते, खेकड्याला पोपटी.

टाळूपासून सुरुवात करा. मॅजिक रिंगमध्ये (ओढून बंद करता येणाऱ्या धाग्याच्या वेढ्यात) ६ मुके खांब, पुढच्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, त्यापुढे एका टाक्यात एक आणि पुढच्यात दोन, मग दोन टाक्यांत एकेक आणि तिसऱ्यात दोन, याप्रमाणे दर फेरीला ६ टाके वाढवा. चौदाव्या फेरीला ८४ होतील. फेरीच्या पहिल्या टाक्यात मार्कर अडकवा. मग न वाढवता ६ फेऱ्या.

आता खेकडा, वरून खाली (नि = निळा, पो = पोपटी). प्रत्येक खेकड्यानंतर ३ नि:

१) २ नि, १ पो, ५ नि, १ पो, २ नि
२) ३ नि, १ पो, ३ नि, १ पो, ३ नि
३) २ नि, ७ पो, २ नि
४) १ नि, २ पो, १ नि, ३ पो, १ नि, २ पो, १ नि
५) ११ पो
६) १ पो, १ नि, ७ पो, १ नि, १ पो
७) १ पो, १ नि, १ पो, ५ नि, १ पो, १ नि, १ पो
८) ३ नि, २ पो, १ नि, २ पो, ३ नि

खरी गंमत रंग बदलण्यात आहे. रंग बदलायचा तो आधीच्या टाक्यात: मुका खांब घालताना सुईवर दोन वेढे उरले की थांबा आणि त्या दोन वेढ्यांतून नव्या रंगाची लोकर ओढा. माझ्या पहिल्या टोपीत मी टाका पूर्ण करून मग रंग बदलला. प्रत्येक डोळ्यावर अर्धी पोपटी पापणी आली, सहाही खेकडे पेंगुळलेले! सगळं उसवलं.

न लागणारा रंग मागे लोंबकळत ठेवू नका. तो टाक्यांच्या माथ्यावर आडवा धरा आणि त्याच्यावरूनच विणा, म्हणजे आत झाकला जातो. मधूनमधून हलकेच ओढा. जोरात ओढला तर टोपी आवळते. निळ्यातून पोपटी ठिपके थोडे डोकावतातच, ते चालवून घ्या.

गोल विणताना टाके उजवीकडे सरकतात, त्यामुळे खेकडा किंचित तिरका दिसतो. लोकर सुईवरून न घेता सुईने खालून ओढलीत तर तिरकेपणा कमी होतो. मुका खांब उंचीपेक्षा थोडा रुंद असतो, म्हणून खेकडा जरा बसका होतो. खेकड्याला ते शोभतंच.

शेवटी पोपटी लोकर तोडा, निळ्याची एक साधी फेरी घाला आणि पट्टी विणा: ९ साखळ्या, दुसऱ्या साखळीपासून ८ मुके खांब. मग टोपीच्या कडेच्या पुढच्या दोन टाक्यांत स्लिप स्टिच (उंची न वाढवणारा सरकता टाका), काम उलटवा, स्लिप स्टिच सोडून पट्टीच्या टाक्यांच्या फक्त मागच्या धाग्यातून मुके खांब. पट्टीच्या बाहेरच्या कडेशी एक साखळी घालून परत फिरा आणि कडा संपेपर्यंत हेच. लोकरीची टोकं शिवणाच्या सुईने आत शिवा, टोपी कोमट पाण्यात भिजवून हलकी पिळा आणि उपड्या वाडग्यावर वाळत घाला.