सेकंड लाइफमध्ये कॅमेरा हाती येईपर्यंत

सेकंड लाइफ या आभासी जगात घरे आणि घरगुती सामान बनवून विकण्याचे काम मी काही वर्षांपासून करते आहे. हे काम शिकायला येणारे बहुतेक जण पहिल्याच दिवशी भिंती कशा उभ्या करायच्या, पोत कसा चढवायचा, किंमत किती ठेवायची असे प्रश्न विचारतात. मी त्यांना सांगते की पहिले आठ दिवस काहीही बांधू नका, केवळ कॅमेरा, म्हणजे ज्या जागेवरून आपल्याला ते जग दिसते ती नजर, हाताळायला शिका. हा सल्ला अनेकांना वेळकाढूपणाचा वाटतो. पण कॅमेरा हाताशी नसताना केलेले काम नंतर किती वेळा मोडून पुन्हा करावे लागते, हे मी स्वतः भोगलेले आहे.

लिंडेन लॅब या कंपनीने २००३ साली खुल्या केलेल्या या जगात आपण ॲव्हटारच्या, म्हणजे पडद्यावरच्या आपल्या आकृतीच्या, रूपाने वावरतो, परंतु आपले डोळे त्या ॲव्हटारच्या डोळ्यांच्या जागी नसतात. ते त्याच्या पाठीमागे, डोक्याहून थोड्या वरच्या बाजूला तरंगत असतात. नवखा माणूस एखादी वस्तू नीट दिसावी म्हणून ॲव्हटारलाच चालवत तिच्याजवळ नेतो, भिंतीला धडकतो, वळतो, पुन्हा धडकतो. प्रत्यक्षात ॲव्हटारला एका जागी उभे ठेवून कॅमेरा एकट्यानेच हिंडवायचा असतो.

त्यासाठी ऑल्ट कळ दाबून धरली की माउसच्या बाणाचे भिंग होते. ते भिंग हव्या त्या जागेवर नेऊन डावे बटण दाबायचे आणि न सोडता माउस पुढे-मागे सरकवला की जवळ-दूर जाता येते, डावी-उजवीकडे सरकवला की त्या जागेभोवती फिरता येते. ऑल्टच्या जोडीला कंट्रोल दाबल्यास त्याच जागेच्या वरून किंवा खालून पाहता येते, आणि शिफ्टही जोडल्यास कॅमेरा न वळता आडवा-उभा सरकतो. एस्केप दाबताच तो पुन्हा ॲव्हटारच्या पाठीशी येतो. लिनक्सवर काही ठिकाणी ऑल्ट धरून ओढले की सगळी खिडकीच सरकते. तेथे आधी संगणकाची ती सोय बदलून घ्यावी. लॅपटॉपच्या टचपॅडवर हे सारे शिकण्याचा हट्ट मात्र धरू नये. साधा, चाक असलेला माउस घ्यावा.

कळा दोन दिवसांत पाठ होतात. खरे शिकायचे असते ते बिंदू धरायला. ऑल्ट दाबून तुम्ही जेथे क्लिक करता तो बिंदू म्हणजे गाभारा आणि कॅमेऱ्याने त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालायची, असे मी समजावते. बिंदू चुकला, म्हणजे खिडकीच्या चौकटीऐवजी तिच्यातून दिसणाऱ्या पलीकडच्या डोंगरावर क्लिक झाले, तर पुढची सगळी प्रदक्षिणा त्या डोंगराभोवती होते आणि शिकणाऱ्याला वाटते की कॅमेराच बिघडला आहे. फिरण्याआधी क्षणभर थांबून, ज्या कोपऱ्याचे काम करायचे नेमक्या त्याच कोपऱ्यावर क्लिक करावे.

माझ्या सुरुवातीच्या कामांपैकी एक चौसोपी वाडा होता. सागवानी खांब दगडी तळखड्यांवर बसवले, मागून-वरून सगळे पाहिले, उत्तम दिसले, आणि वाडा विकला. दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाइकाने ओसरीवर बसून, कॅमेरा जमिनीलगत आणून काढलेले छायाचित्र पाठवले. त्यात प्रत्येक खांब तळखड्यापासून चार सेंटिमीटर वर अधांतरी होता आणि त्या फटीतून मागच्या चौकातला प्रकाश दिसत होता. नेहमीच्या कॅमेऱ्यातून ती फट दिसणे शक्यच नव्हते, कारण वरून पाहताना खांबाची खालची कड तिला झाकत होती. तेव्हापासून प्रत्येक सांध्यावर क्लिक करून तो वरून, खालून आणि दोन्ही बाजूंनी पाहिल्याशिवाय मी काम पुढे नेत नाही.

मूळ कॅमेरा उंचावर असण्याचा आणखी एक परिणाम बांधणाऱ्याने ओळखला पाहिजे. खोलीत शिरताच हा कॅमेरा छताला किंवा मागच्या भिंतीला अडतो, म्हणून अनेक जण छते उंच करतात, खोल्या फुगवतात, आणि शेवटी तेथे उभा राहिलेला माणूस लहान मुलासारखा दिसू लागतो. मी घर न वाढवता कॅमेरा खाली आणला. व्ह्यूअरच्या, म्हणजे ज्या प्रोग्राममधून हे जग पाहतो त्याच्या, डीबग सेटिंग्जमध्ये ‘कॅमेरा ऑफसेट रिअर व्ह्यू’ नावाची नोंद असते. तिच्यातील तीन आकड्यांपैकी तिसरा उंचीचा असतो. तो कमी केला की नजर खांद्याच्या पातळीवर येते आणि नेहमीच्या मापाची खोलीसुद्धा मोकळी वाटू लागते.

विक्रीसाठी छायाचित्रे काढताना कंट्रोल आणि शून्य या कळांचा उपयोग करावा. त्यांनी कॅमेरा पुढे सरकत नाही, दृष्टीचा कोन अरुंद होतो. त्यामुळे लांब उभे राहून कोन आवळला तर भिंतींच्या रेषा कमी तिरक्या दिसतात. कंट्रोल आणि नऊ दाबल्यावर कोन पूर्ववत होतो. कॅमेरा ठरावीक अंतरापलीकडे जात नसेल तर ॲडव्हान्स्ड मेनूतून त्याचे बंधन काढता येते.

हे बंधन काढल्यावर भिंतीपलीकडे, म्हणजे दुसऱ्याच्या घरातही, डोकावता येते. तसे करू नये, असे मी अगदी स्पष्टपणे सांगते. तुम्ही ज्यावर कॅमेरा रोखता त्याच्याकडे तुमच्या ॲव्हटारची मान वळते, आणि काही व्ह्यूअरमध्ये तर तुमच्या नजरेचा बिंदूही इतरांना दिसू शकतो. लिहून केलेल्या साध्या गप्पा ॲव्हटारपासून २० मीटरपर्यंतच पोहोचतात, पण बोललेला आवाज कॅमेऱ्याच्या जागेवरून ऐकू येण्याची सोय असते. शिकवणीच्या वेळी ती सोय मी ॲव्हटारच्या जागेवर ठेवायला लावते, कारण विद्यार्थी खांब तपासायला कॅमेरा दूर नेतो आणि माझे बोलणे त्याला ऐकू येईनासे होते.

सरावासाठी सँडबॉक्समध्ये, म्हणजे बांधकामाच्या सरावासाठी मोकळ्या ठेवलेल्या जागेत, एक साधा ठोकळा ठेवावा आणि त्याचे आठही कोपरे एकामागून एक धरून प्रत्येकाभोवती पूर्ण फेरी घालावी. ॲव्हटार जागचा हलता कामा नये. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीला पहिल्या संध्याकाळी ठोकळ्याच्या तळाचे चार कोपरे सापडतच नव्हते. पाचव्या दिवशी तिने त्याच तळावर, जमिनीकडून वर पाहत, स्वतःचे नाव लिहून दाखवले.