गोदामाच्या दारापासून उलट मोजणी: किराणा साखळ्यांना माल पुरवण्याचा नागपुरातील अनुभव

इतवारीतील घाऊक व्यापारी फोनवर माल मागवतो, खोकी मोजून घेतो आणि दोन पाकिटे कमी निघाली तर पुढच्या खेपेत वळती करून घेतो. हिंगणा एमआयडीसीत सावजी मसाले तयार करणारा आमचा उद्योग याच विश्वासावर उभा राहिला आणि ती पद्धत मला आजही मोलाची वाटते. मोठ्या किराणा साखळीच्या गोदामात माल उतरवून घेणारा कर्मचारी मात्र आपल्याला ओळखत नसतो. त्याच्यासमोर संगणकावर साखळीचा खरेदी आदेश, म्हणजे पीओ, उघडलेला असतो. त्यातील वजन, छापील किंमत, बारकोड आणि नगसंख्या गाडीतील मालाशी तंतोतंत जुळली तरच तो माल आत घेतो आणि जुळली नाही तर गाडी दारातच थांबते. म्हणून या व्यवहारात नव्याने उतरणाऱ्या उत्पादकाने गोदामाचे ते दार डोळ्यांसमोर ठेवून उलट दिशेने मोजणी करावी, म्हणजे साखळीची नियमपुस्तिका पाकिटाचे आर्टवर्क छापायला देण्यापूर्वीच मागवून घ्यावी आणि शेवटच्या पानापर्यंत वाचावी, असे मी आग्रहाने सांगतो.

साखळीकडून पुरवठादार म्हणून नोंदणी क्रमांक, म्हणजे व्हेंडर कोड, मिळवण्याची कागदपत्रे फारशी अवघड नसतात. जीएसटी नोंदणी, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा म्हणजे एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना, लहान उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी, प्रयोगशाळेचे अहवाल आणि रद्द केलेला धनादेश बहुतेक ठिकाणी पुरतात. फक्त या सर्वांवर उद्योगाचे नाव आणि पत्ता अक्षरशः एकसारखा असावा, कारण एका कागदावर ‘उद्योग’ आणि दुसऱ्यावर ‘इंडस्ट्रीज’ असले तरी अर्ज परत येतो.

खरा वेळ लेबलवर द्यावा. पाकीटबंद वस्तूंसाठीच्या २०११ च्या वैधमापन नियमांनुसार उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक तक्रारीसाठीचा संपर्क द्यावा लागतो. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर आता प्रतिग्रॅम किंमतही छापावी लागते. अंकांची किमान उंचीसुद्धा नियमांत ठरवून दिलेली आहे. छापील किंमत कमी करायची असल्यास मूळ किंमत न झाकता स्टिकर लावता येतो, परंतु किंमत वाढवण्यासाठी स्टिकर चालत नाही. भिवापुरी मिरचीचा भाव हंगामागणिक वरखाली होत असताना वर्षभराची पाकिटे एकदम छापून घेणे मला म्हणूनच धोक्याचे वाटते. छपाईचा दर थोडा चढा पडला तरी लहान लॉट घ्यावा, आणि नवी किंमत साखळीच्या संगणकात नोंदली गेल्याची लेखी खात्री झाल्याशिवाय नव्या किमतीचे एकही पाकीट गाडीत चढवू नये.

बारकोडचे क्रमांक ते देणाऱ्या जीएस१ इंडिया या संस्थेकडून घ्यावेत; त्यांची सुरुवात ८९० या आकड्यांनी होते. शंभर ग्रॅम आणि दोनशे ग्रॅमच्या पाकिटांना वेगवेगळे क्रमांक लागतात आणि जोडपॅकलाही स्वतंत्र क्रमांक लागतो. नेहमीच्या १३ अंकी बारकोडची प्रमाण रुंदी मोकळ्या जागेसह ३७.२९ मिलिमीटर असते आणि तो ८० टक्क्यांपर्यंतच लहान करता येतो. मसाल्याच्या पाकिटांवर लाल रंगाची हौस मोठी असते, पण लाल रेषा स्कॅनरच्या लाल प्रकाशात पांढऱ्या पार्श्वभूमीत विरून जातात. त्यामुळे रेषा काळ्याच ठेवाव्यात आणि चकचकीत फिल्मवर त्यांच्याखाली अपारदर्शक पांढरा थर द्यावा. छपाईचा पहिला नमुना भरलेल्या पाकिटावर स्कॅन करून पाहावा, कारण सपाट फिल्मवर वाचला जाणारा बारकोड फुगीर पाकिटाच्या सुरकुतीत वाचला जाईलच असे नाही.

बाहेरच्या खोक्याकडे नवे उत्पादक सर्वांत कमी लक्ष देतात, असे माझे निरीक्षण आहे. एका खोक्यात किती नग हे एकदा साखळीकडे नोंदले की प्रत्येक पीओ त्याच पटीत येतो, म्हणून ही संख्या विचारपूर्वक ठरवावी. ती एका दुकानाच्या साधारण मागणीइतकी लहान असली तर मालाची उचल नियमित राहते. खोक्यावर स्वतःचा बारकोड, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि एक्सपायरी दोन लगतच्या बाजूंवर लावावी, म्हणजे थप्पी लावल्यावरही एक बाजू दिसत राहते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि बंद गाडीत त्याहून अधिक उष्णता साठते. त्यात हलकी चिकटपट्टी सुटते, आणि पुढे पावसाळ्यात दमट झालेले खोके थप्पीचा भार पेलू शकत नाही. पाच पदरी खोक्याचा जादा खर्च मी बिनतक्रार करतो.

आता माल टिकण्याच्या मुदतीचा हिशेब पाहा. अनेक साखळ्या माल पोचतेवेळी त्याची अर्ध्याहून अधिक, काही ठिकाणी दोन-तृतीयांश मुदत शिल्लक असावी अशी अट घालतात. सहा महिने टिकणाऱ्या मसाल्याला दोन-तृतीयांशची अट असेल तर उत्पादनापासून गोदामाच्या दारापर्यंत आपल्या हातात दोनच महिने राहतात आणि त्यांतच तपासणी, भरणी, पीओची प्रतीक्षा आणि प्रवास बसवावा लागतो. ऑनलाइन विक्रीबाबत एफएसएसएआयने नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्राहकाच्या हाती पडताना किमान ३० टक्के किंवा ४५ दिवसांची मुदत उरलेली असावी असे सांगितल्यापासून तेथील खरेदीदारही तारखा बारकाईने पाहतात. संत्रा बर्फीसारखा अल्पायुषी पदार्थ करणाऱ्यांनी ही मोजणी केल्याशिवाय दूरच्या गोदामांना होकार देऊ नये.

वाहतुकीत समृद्धी महामार्गाने मोठा दिलासा दिला. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ पासून भिवंडी तालुक्यातील आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला आणि मोठ्या गोदामांचा पट्टा त्याच परिसरात आहे. तरीही माल उतरवण्याची ठरलेली वेळ, म्हणजे स्लॉट, घेतल्याशिवाय गाडीला प्रवेश मिळत नाही, आणि नागपूरलगतच्या वाडीहून इतरांच्या मालासोबत सुट्या मालाने पाठवलेली खोकी वाटेत दुसऱ्या गाडीत चढत असल्याने स्लॉट चुकण्याचा संभव वाढतो. पहिल्या काही खेपा तरी स्वतंत्र गाडीने पाठवाव्यात. महाराष्ट्रांतर्गत एक लाख रुपयांवरील आणि परराज्यात पन्नास हजारांवरील मालाला ई-वे बिल, म्हणजे जीएसटीखालील वाहतुकीचा ऑनलाइन परवाना, लागते. त्याची मुदत साधारण दर २०० किलोमीटरला एक दिवस असते, म्हणजे भिवंडीसाठी चार दिवस मिळतात. स्लॉट पुढे ढकलला गेला तर ही मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच वाढवून घेता येते. त्यामुळे चालकाशी संपर्कात राहणारी एक जबाबदार व्यक्ती कार्यालयात हवीच.

माल उतरल्यावर गोदाम माल मिळाल्याची पावती, म्हणजे जीआरएन, देते आणि त्यातील संख्येवरच पैसे मिळतात. बिल आणि जीआरएन यांतील फरक त्याच आठवड्यात, सही-शिक्क्याच्या बिल्टीची (वाहतूकदाराच्या पावतीची) प्रत जोडून, ईमेलने कळवावा. तूट, उशीर किंवा मोडतोड यांसाठी साखळी पैसे कापून घेण्यासाठी डेबिट नोट काढते. तिच्यामुळे आपला जीएसटी आपोआप कमी होत नाही, त्यासाठी आपणच मुदतीत बिलाची रक्कम कमी करणारी क्रेडिट नोट द्यावी लागते.

सूक्ष्म आणि लघु उत्पादकांना २००६ च्या एमएसएमई कायद्याचा भक्कम आधार आहे. करारात काहीही लिहिले तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे पैसे थकवता येत नाहीत, आणि माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर तो पोचल्याच्या दिवशीच स्वीकारला असे मानले जाते. म्हणून उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा आणि करारातील देयकाची मुदत सही करण्यापूर्वीच या कायद्याशी ताडून पाहावी. त्याच बैठकीत आणखी एक मागणी जरूर करावी: सुरुवातीला संपूर्ण देशाऐवजी एकाच विभागाच्या गोदामाला पुरवठा करू द्यावा. खरेदीदारालाही अर्धवट भरलेल्या पीओंपेक्षा एका ठिकाणी पूर्ण भरलेला पीओ बरा वाटतो, आणि तिथला पुरवठा स्थिरावला की दुसऱ्या विभागाची मागणी बहुधा तोच पुढे करतो.