मोडी कागदांचे फोटो: नावं, नोंदवही आणि प्रती

अभिलेखागारातून दिवसाकाठी दोन-तीनशे फोटो काढून आणणं आता सोपं झालं आहे. पण सहा महिन्यांनी त्यातला एखादा कागद कुठल्या रुमालातला (कापडात बांधलेल्या गठ्ठ्यातला) हे सांगता आलं नाही, तर तो प्रबंधात वापरता येत नाही. म्हणून फायलींची व्यवस्था कागद समोर असतानाच सुरू करावी. कागद सरकारी दप्तरातला असो की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एखाद्या घरच्या पेटीतला, पद्धत एकच.

फोटोची परवानगी आधी घ्या आणि फ्लॅश बंद ठेवा. रुमाल सोडला की पहिला फोटो चिठ्ठीचा: संग्रह, दप्तर क्रमांक, रुमाल क्रमांक, आजची तारीख. रुमाल बांधण्यापूर्वी त्याच चिठ्ठीचा पुन्हा एक. म्हणजे त्या रुमालाचे सगळे फोटो दोन चिठ्ठ्यांच्या मध्ये राहतात. कागदाशेजारी पट्टी ठेवा, आकार कळतो. पाठची बाजू कोरी वाटली तरी तिचाही फोटो घ्या. शेरे आणि पोचल्याची तारीख पुष्कळदा तिथेच असते.

त्याच संध्याकाळी फोटो केबलने संगणकावर घ्या. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवले तर ते आक्रसतात आणि काढल्याची वेळही पुसली जाते. कॅमेऱ्याचे क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा १ पासून सुरू होतात, त्यामुळे जुन्या फोटोवर त्याच नावाचा नवा बसण्याचा धोका असतो. यावर उपाय म्हणजे दर दिवसाचा वेगळा फोल्डर, नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. हा ‘मूळ’ संच ‘फक्त वाचण्यासाठी’ करून ठेवा. कातरणं, उजळ करणं, नाव बदलणं हे सगळं ‘काम’ या दुसऱ्या फोल्डरमधल्या प्रतींवर.

कामाच्या प्रतीचं नाव संग्रह, दप्तर, रुमाल, कागद, बाजू या क्रमाने द्या. आकड्यांपुढे शून्य हवं: ००७, ०४५, ११२. नाहीतर पुष्कळ ठिकाणी १०० हा २ च्या आधी लागतो. नावं रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत ठेवलेली बरी. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं. जिथे नावाची मर्यादा २५५ बाइट आहे तिथे ८५ चिन्हांतच जागा संपते. विंडोजमध्ये तर फोल्डरांसकट सगळा पत्ता साधारण २६० अक्षरांत बसवावा लागतो, म्हणून फोल्डरात फोल्डर तीन पायऱ्यांपलीकडे नेऊ नका.

खरी मेहनत नोंदवहीत आहे. स्प्रेडशीटमध्ये एका कागदाला एक ओळ: फाइलचं नाव, दप्तर, रुमाल, लिहिणारा, ज्याला लिहिलं तो, गोषवारा, न लागलेले शब्द, वाचन कुणी केलं. तारखेला मात्र एक रकाना पुरत नाही. कागदावर जशी आहे तशी तारीख एका रकान्यात, कालगणना दुसऱ्यात आणि इसवी वर्ष, महिना, दिवस तीन वेगळ्या रकान्यांत. कारण एक्सेल १९०० पूर्वीची तारीख तारीख म्हणून ओळखतच नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव तिसरे गादीवर आले १८७५ मध्ये. म्हणजे त्यांच्या कारकिर्दीची पहिली पंचवीस वर्षं एक्सेलला नुसता मजकूर वाटतात आणि क्रम बिघडतो.

शके असेल तर इसवी वर्षासाठी चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९ मिळवा. विक्रम संवताला बडोद्यात विशेष जपायला हवं. गुजरातचा संवत कार्तिकात बदलतो, उत्तरेतला चैत्रात. त्यामुळे चैत्र ते आश्विन या काळात गुजराती आकडा एकाने कमी असतो. कार्तिकादी संवतातून डिसेंबरअखेर ५७ आणि पुढे आश्विनापर्यंत ५६ वजा करा. कुठला संवत धरला तेही नोंदवा, नाहीतर वर्षाची चूक पुढच्या प्रत्येक तक्त्यात शिरते.

मोडीचं देवनागरी लिप्यंतर युनिकोडमध्येच टाइप करा. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य दिसतो, शोधताही येत नाही. नोंदवहीची सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) प्रत काढताना ‘यूटीएफ-८’ हा पर्याय निवडा. साध्या सीएसव्हीत मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येऊ शकतात.

प्रती तीन हव्यात: संगणकावर एक, बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक आणि तिसरी गावाबाहेर किंवा क्लाउडवर. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी बडोदा शहरभर घरांत शिरलं होतं. डिस्क आणि संगणक तळमजल्यावरच्या एकाच कपाटात असतील तर त्या दोन प्रती धरू नयेत. चार एमबीचा एक असे दोन हजार फोटो आठ जीबीत मावतात, तेव्हा जागेची सबब चालणार नाही. गूगल ड्राइव्हचं नुसतं सिंक म्हणजे बॅकअप नव्हे: संगणकावर पुसलेली फाइल तिथूनही जाते आणि कचराकुंडीत ३० दिवसच राहते.

दर तीन महिन्यांनी प्रत्येक प्रतीतल्या कुठल्याही दहा फायली उघडून नोंदवहीशी ताडून पाहा. एखादी उघडली नाही तर त्याच दिवशी चांगल्या प्रतीवरून नव्या डिस्कवर पूर्ण संच उतरवा आणि मगच जुनी डिस्क दुरुस्तीला द्या.